संकटाची जीप

"संकट तुमच्या दारात येऊन ठेपलंय! आज हलला नाहीत, तर उद्या हलायला कुणी उरणार नाही!"

जीपवरचा भोंगा सकाळपासून नदीकाठच्या वाड्यांतून हे सांगत फिरत होता. कुठलं संकट, ते सांगत नव्हता. आधी नुसतं घाबरवायचं, नाव आणि चिन्ह सभेत सांगायचं, अशी योजना होती. योजना वासू या कार्यकर्त्याची.

दहाला उमेदवार महाबळेश्वरअण्णा सभेसाठी त्यातल्या एका वाडीत उतरले. वाडीत फक्त एक कोंबडा होता.

दारं उघडी, गोठे रिकामे, चुलीवर पेज रटरटतेय. अण्णा आणि वासू धापा टाकत मागची टेकडी चढले. वर अख्खी वाडी बसली होती. म्हातारी माणसं, शेळ्या, भांडी. झिलूमामाच्या मांडीवर देव.

"इथं काय करायलाय सगळी?" अण्णांनी विचारलं.

"तुमीच हला म्हणालासा न्हवं?" झिलूमामा म्हणाला. "गणेशगुडीच्या धरणाचं पाणी सोडायच्या आदी तिथनं भोंग्याची जीप येती. ती आली की वर चढायचं. लहानपणापासनं चढतोय."

"मामा, ती प्रचाराची जीप!" वासू ओरडला.

"म्हंजे पाणी येत न्हाई?"

"नाही!"

"मग संकट कुठलं?"

अण्णांनी वासूकडं पाहिलं. वासूनं खाली नदीकडं पाहिलं. नदी नेहमीसारखी वाहत होती.

मामानं झाडीकडं बोट केलं. "काशीची म्हस दिवस भरलेली. चढावरच बसली. तासभर झाला, रेडकू आडवं आलंय. घरात दुभतं तेवढंच."

झाडीतून म्हैस हंबरली. पुढं काही ऐकू येईना. मग पानं हलली आणि काशी बाहेर आली. कोपरापर्यंत हात माखलेले.

"जगली," ती म्हणाली. "दोगं बी."

लोकांनी श्वास सोडला. अण्णांना राहवेना. समोर जमाव होता, तोही निर्धास्त झालेला. ते दगडावर चढले.

"बंधू-भगिनींनो, भिऊ नका! तुमच्या प्रत्येक संकटात हा महाबळेश्वर तुमच्या पाठीशी हाय!"

"व्हय?" काशीनं विचारलं.

"व्हय अक्का! काय पाहिजे ते सांगा!"

"तुमच्या गळ्यातलं ते उपरणं द्या जरा. रेडकू वलं हाय, पुसायचंय."