पोहणारा ठिपका

ठिपका पुन्हा पुलावरून पडला आणि पडद्यावरच्या निळ्या-हिरव्या नदीनं त्याला अलगद उचलून घेतलं. ती हनुवटीला हात लावून बघत राहिली. नदीच्या एका तासाचं गणित करायला संगणक नऊ तास घ्यायचा, त्यामुळे तिथलं पाणी झोपेतल्यासारखं वाहायचं.

नदीचे तिनं लाखो चौकोन केले होते. कुठल्या चौकोनातून शेजारच्या चौकोनात किती पाणी जातं, एवढंच ते गणित. ठिपका म्हणजे तिचे वडील.

ते पुलांची तपासणी करायचे. हा पूल धोक्याचा आहे, मी सही करणार नाही, असं त्यांनी ठणकावून सांगितलं आणि घरी धमक्या यायला लागल्या. महिन्याभरात ते त्याच पुलावरून पडले. तेव्हा ती जेमतेम सहा वर्षांची होती. त्यांना पोहता येत नव्हतं, असं आईनं पोलिसांना सांगितलं. पाणबुड्यांनी आठ दिवस तळ पिंजून काढला, तर एक चप्पल तेवढी मिळाली.

आईनं त्यांचा फोटो कधी भिंतीवर लावला नाही. कपडेही कपाटात तसेच होते. राखाडी स्वेटर तेवढा कुठे गेला, देव जाणे. मुलीला मात्र बाबा कुठे आहेत हे कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं.

नदीच्या वेळेनं बेचाळीस मिनिटांनी ठिपका वळणावरच्या पायऱ्यांना लागला. रोज तिथेच. गुडघाभर पाण्यात माणूस हरवेल कसा? तिनं चौकोन आणखी बारीक करून पाहिले, पण ठिपका काही ऐकेना.

शेवटी तिनं ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या सहकाऱ्याला बोलावलं. त्यांना सगळे आजोबाच म्हणत.

"अगं, ठिपक्याची ही फाइल कुठली?"

"मागच्या वर्षीची. मासे नदीत कुठे जातात, त्या कामाची."

"मग बरोबर आहे. मासा काठाकडे जरा जोर लावतो, ते तसंच राहिलंय. तुझा ठिपका वाहत नाहीये, पोहतोय." आजोबा हसले. "वर्षभर मासा पाळलास की."

तिला हसू आलं नाही. तो जोर काढून टाकल्यावर ठिपका मुकाट्यानं पुलाखालच्या डोहात जाऊन बसला. तो डोह तर पाणबुड्यांनी पहिल्याच दिवशी धुंडाळला होता.

ती घरी आली तेव्हा आई दोरीवरच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं आपली फजिती सांगून टाकली.

"बेचाळीस मिनिटांत पायऱ्यांवर, आई. मूर्खच मी. बाबांना पोहता येत असतं तर..."

आईनं हातातली घडी पुरी केली. उठून दार लोटलं आणि लेकीजवळ येऊन बसली.

"पस्तीस," ती म्हणाली. "स्वेटर घेऊन मी पायऱ्यांवरच उभी होते."