पेटीचं वजन

रामकिशननं मधमाश्यांच्या पेटीला मागून उजवा हात घातला, जरा उचलून पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. मागच्या शनिवारपेक्षा आज ती हलकी होती.

"लई खाऊन राहिल्या," तो म्हणाला. "अशानं करडई फुलंपर्यंत काय पुरतं?"

त्याची बायको नर्मदाबाई चार हात लांब उभी होती. माश्यांची तिला भारी भीती. दोन हजार दोन सालचा पाऊस लवकर उघडला होता, तुरीचा फुलोरा गळून गेला होता. आता संक्रांतीनंतर पुसेगावच्या शिवारात करडई फुलेपर्यंत माश्यांना साठवलेल्या मधावरच हिवाळा काढायचा होता. थंडीत झाकण उघडलं की आतली ऊब जाते, पिल्लं गारठतात. म्हणून मध किती उरलाय, ते पेटी मागून उचलूनच ओळखायचं. बारा वर्षं रामकिशन असंच ओळखत आला होता आणि त्याचा अंदाज कधी चुकला नव्हता.

श्रावणात त्याला लकवा झाला. बोलणं परत आलं, पाय आला, उजवा हात तेवढा मागं राहिला. नर्मदाबाई रोज सकाळी तेल लावून तो चोळायची आणि तो कंटाळून म्हणायचा, जेवढा यायचा तेवढा आला, आता सोड. पेटी डाव्या हातानं उचलून बघा, असं तिनं एकदा सुचवलं, तर त्यानं उडवूनच लावलं.

"डाव्याला काय कळतं? वजनाची सवय उजव्याला हाये. जोर गेला आसंल, अंदाज कुठं जातो?"

दिवाळीच्या पाडव्याला पेटी जागची हलली नव्हती. एवढा मध कधीच साठला नव्हता, असं तो गावभर सांगत हिंडला. पण त्यानंतर दर शनिवारी ती हलकी होत गेली आणि त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

नर्मदाबाईला माश्यांचं फारसं काही नव्हतं, काळजी होती ती त्याची. दुखण्यातून उठल्यापासून त्याचा सगळा जीव त्या पेटीत अडकला होता. माश्या गेल्या तर हा माणूस पुन्हा खाट धरेल, असं तिला वाटायचं. घरात होती नव्हती त्या साखरेचा तिनं पाक करून दिला आणि त्यानं तो माश्यांसाठी पेटीच्या दाराशी ठेवला. दोघं गुळाचा चहा पिऊ लागले. तरी पेटी हलकीच.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी त्यानं हात घातला आणि पेटी मागून थेट वीतभर वर आली.

"संपलं," तो म्हणाला. "रिकामी झाली, नर्मदे. माज्या देखत लेकरं उपाशी मरून राहिली."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला ते बघवेना. भीती बाजूला ठेवून ती पुढं आली, त्याला सरकायला सांगितलं आणि पदर खोचून दोन्ही हात पेटीखाली घातले. रोज विहिरीवरून भरल्या घागरी आणणारी बाई ती. पेटी जेमतेम बोटभर वर आली आणि तिला धाप लागली.

"किती उरलाय?" त्यानं विचारलं.

तिनं पेटी अलगद टेकवली आणि त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"पेटी काठोकाठ भरलीया," ती म्हणाली.