कॉलरचा साचा

"वाच गं, काय म्हणतायत," आई ओठांत टाचण्या धरूनच म्हणाली. तिचे हात शाळेच्या गणवेशात अडकले होते. मुलीने शिलाईच्या दुकानात उभ्या उभ्याच पाकीट फोडलं. महिन्यापूर्वी दवाखान्यात आईच्या गर्भाशयाचं तोंड दुर्बिणीतून तपासलं होतं, तिथला बारीक तुकडा काढला होता. त्याचा हा अहवाल.

"कॅन्सर आढळला नाही."

"सुटले बाई!" आईने टाचण्या तळहातावर काढल्या. "महिनाभर टांगून ठेवलं होतं मेल्यांनी. दे इकडे, कागद चांगला जाड आहे."

जाड कागद ती कधी वाया घालवत नसे. जुनी कॅलेंडरं, औषधांची खोकी, सगळ्यांचे साचे व्हायचे. तिने कागद पालथा घातला, खडूने अर्धगोल आखला आणि कात्री चालवली. तोवर मुलगी बाहेर पडली होती.

दवाखान्यातून दोनदा फोन आला. "माझ्या मुलीने वाचलंय सगळं," आईने ठणकावलं. "कपाटभर पुस्तकं वाचलीत तिने." हे तिने मुलीला कौतुकाने सांगितलंही. मुलगी हसली. तिसरा फोन आला नाही.

चार वर्षांनी रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा आजार मूत्राशयापर्यंत पोचला होता. "तेव्हाच उपचाराला का आला नाहीत?" डॉक्टरांनी विचारलं. मुलगी शेजारीच उभी होती. आई छताकडे बघत म्हणाली, "राहून गेलं. कामाच्या नादात."

आता दुकान रिकामं करायचं होतं. आईच्या धाकट्या बहिणीने खिळ्यावरचे साचे उतरवले. एक अर्धगोल तिने उलटून बघितला. वरच्या ओळी कात्रीत गेल्या होत्या. खालच्या शाबूत होत्या: 'पेशींमध्ये तीव्र बदल आहेत. उपचार न केल्यास पुढे कॅन्सर होऊ शकतो. चार आठवड्यांच्या आत यावे.'

"घ्या! ताई म्हणजे ताईच," मावशीला रडू आणि राग एकदमच आला. "एवढं स्पष्ट लिहिलंय, आणि हिने त्याची कॉलर कापली! स्वतःच्या जिवाची कधी पर्वाच केली नाही."

आई गेल्यापासून मुलगी हेच ऐकत होती. प्रत्येकाकडून. आणि मान डोलावत होती.

तिने साचा हातात घेतला. कडेने टाचण्यांची भोकं होती.

"मावशी, हा कागद मी वाचला होता," ती म्हणाली. "मला बस गाठायची होती. पहिली ओळ तेवढी वाचून दाखवली आणि कागद तिला कापायला दिला."