पडद्यावरचे पाय

तुळजाबाई चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीच्या चार शेजारणींना घेऊन थिएटरात अगदी पुढे बसल्या. त्यांच्या तरुणपणीचा सिनेमा पुन्हा लागला होता, आणि त्यावरचे ओरखडे मशीननं पुसून तो नवा करायच्या कामावर त्यांचाच नातू होता, सुधींद्र.

"नाच सुरू झाला की चेहरा सोडा, पाय बघा," त्यांनी सगळ्यांना बजावलं.

हिरॉइनला भरतनाट्यम येत नव्हतं. चेहरा तिचा, पाय तुळजाबाईंचे. नाव कुठंच लागलं नव्हतं, पण डाव्या पावलावर लहानपणी कढत रसम सांडल्याचा डाग होता. पायातली चप्पल काढून तोच डाग दाखवत त्या जन्मभर लोकांना पटवत आल्या होत्या.

पडद्यावर चेहरा आला.

मग पाय.

डाग नव्हता.

"मामी, पाय फारच गुळगुळीत आहेत हो," शेजारणींपैकी वाणी म्हणाली. "नक्की तुमचेच ना?" बाकीच्या पदर तोंडाला लावून हसल्या.

तुळजाबाईंचा चेहरा उतरला. तरी त्यांनी पलीकडे बसलेल्या नातवाचा हात थोपटला. "असू दे, कण्णा, माझ्या बाळा. मशीनला काय कळतंय. त्याला तो ओरखडाच वाटला असेल."

सुधींद्रनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मशीननं ठेवला होता, आज्जी. हिरॉइनच्या घरच्यांना नको होता. मी हातानं पुसला, एकेक फ्रेम घेऊन."