धुराड्याची सफाई

टॉर्चच्या उजेडात तिने धुराड्यातल्या काजळीवर नखाने रेघ ओढली. थर अर्धा मिलिमीटरही नव्हता.

शेजारच्या विधुर मालशेंनी चार वर्षांपूर्वी तिला लग्नाचं विचारलं होतं. "विचार करून सांगते," ती म्हणाली होती. तेव्हापासून ते दर रविवारी कौलांवर चढून तिच्या शेकोटीचं धुराडं घासत. उत्तराबद्दल अवाक्षर काढत नसत.

"मालशे, इथे घासायला काही उरलेलं नाही," तिने खालून हाक दिली.

"काजळीचा भरवसा नसतो, बाई, एकदम पेट घेते! राख गार आहे ना? नाकाला फडकं बांधा, ब्रश सोडतोय."

एवढीशी काजळी पेट घेत नाही, हे आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या तिला ठाऊक होतं. पासष्टीचा माणूस दवाने ओल्या कौलांवरून घसरू शकतो, हेही. तेवढ्यात एक कौल घरंगळत येऊन अंगणात फुटलं.

"खाली उतरा. माझा विचार झालाय."

"आधी सांगा, मग उतरतो."

"आधी उतरा."

"चार वर्षं थांबलोय, बाई."

"बरं. मग धुराडं दोन्ही हातांनी घट्ट धरा." तिने टॉर्च धुराड्यात वर रोखला. "धरलंत? आपण लग्न करू या."