दोन चुली

तापातून उठलेल्या कचरूनानांनी आज पहिल्यांदा तोंडाने काही मागितलं, तेही पायाचं सूप. त्यांच्या बायकोच्या, यमुनाबाईंच्या, गळ्यात लग्नाआधीपासून तुळशीची माळ. त्यामुळे नाना आपलं मटण परसातल्या वेगळ्या चुलीवर स्वतःच शिजवायचे, आणि यमुनाबाई त्या चुलीला कधी हात लावत नसत. पण आज अशक्तपणामुळे नानांना उठवत नव्हतं. शेवटी पिशवी घेऊन त्याच निघाल्या आणि जन्मात पहिल्यांदा खाटिकांच्या गल्लीत शिरल्या.

सगळी दुकानं बंद. ओट्यावर बसलेला खाटीक म्हणाला, "सणाचं सरकारने बंद ठेवायला लावलंय, मावशी."

"आजारी माणसासाठी हवं होतं रे."

कोपऱ्यावरचा पोलीस हसला. "माळकरी बाई तुम्ही, अन् इथं? अहो, तुमच्यासारख्यांचं मन दुखू नये म्हणून तर ही बंदी!"

"माझं मन?" यमुनाबाई थकून म्हणाल्या. "मला तर कुणी विचारलं नाय, बाबा."

घरी नानांनी रिकामी पिशवी पाहिली. पेजेचे दोन घोट घेऊन वाटी बाजूला सारली.

"जाऊ दे, यमुने. इतक्या वर्षांत तू मला कधी माळ घाल म्हणाली नाहीस. आज सरकारने घातली."

वाटी उचलून यमुनाबाई परसात गेल्या आणि नानांची चूल पेटवून तीच पेज पुन्हा गरम करायला ठेवली.