तारेचा दोष

परत आलेलं चौथं रीळ पिशवीत टाकून तारवाला स्वतःच काका-काकूंच्या घराच्या पायऱ्या चढला. आवाज चढवायचा नाही, पण आज सोक्षमोक्ष लावल्याशिवाय खाली उतरायचं नाही, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

दार काकांनी उघडलं. फोनवर वाघासारखा डरकाळ्या फोडणारा हा माणूस समोर उभा राहिला की दाराची कडी धरून अवघडून उभा असायचा. बरं झालं आलास, आपल्या डोळ्यांनीच बघ काय माल देतोस ते, असं म्हणत ते त्याला आतल्या खोलीत घेऊन गेले.

खिडकीशी टेबल होतं, टेबलावर शिलाई मशीनच्या मोटरवर चालणारं तार गुंडाळायचं यंत्र होतं, आणि यंत्रापुढे काकू बसल्या होत्या. काकू इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप हाताने बनवायच्या. गिटारच्या तारांखाली बसणारी चुंबकांची छोटीशी पट्टी ती. तिच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे बसले, की मग त्या गिटारला आवाज फुटतो. वादक त्यांच्या पिकअपसाठी महिनोन्‌महिने थांबायचे. तार मात्र तारवाल्याच्या वडिलांच्या वेळेपासून याच दुकानातली. इतक्या वर्षांत कधी अर्धा शब्द नाही, आणि आता तक्रारींना नुसता ऊत आला होता.

तार तुटते. गुंडाळता गुंडाळता मध्येच तुटते, आणि तुटली की अख्खा पिकअप फुकट. काका फोन करून कधी तारेवरचा मुलामा पातळ म्हणायचे, कधी रिळाची कड खरखरीत म्हणायचे, आणि शेवटी तुझ्या बापाने असला माल दिला नसता, हे ठरलेलं. तारवाल्याने रीळ बदलून दिलं, मग कंपनी बदलली, मग दुप्पट भावाची तार बाहेरून मागवली. तीही परत. वैतागून त्याने चुंबकवाल्याकडे विषय काढला, तर त्याने कोपरापासून हात जोडले. चुंबकाच्या कडेला धार आहे, तिनेच तार कापली जाते, असं म्हणून त्याचीही पेटी परत आली होती. म्हणजे सगळा बाजार एकदमच चोर निघाला होता.

आताही काकांनी तेच पाढे सुरू केले. काकूंनी मान वर करून तारवाल्याला फक्त "बस" म्हटलं आणि हात मांडीवर घेतले.

"काकू, मी गुंडाळून बघू?" तारवाल्याने विचारलं.

वडिलांच्या हाताखाली त्याने पंख्यांची आणि रेडिओची गुंडाळी केली होती. हात अजून विसरला नव्हता. काका म्हणाले, बघ की, तुटली म्हणजे मग बोलू. काकूंनी खुर्ची रिकामी केली.

त्याने पिशवीतलं रीळ काढून यंत्राला लावलं, तारेचं टोक अडकवलं, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत तार हलकेच धरली आणि मोटर सुरू केली. सुरुवातीला बोटं अवघडली, मग सैल झाली. तार चिमटीतून सरकत राहिली. मागे उभे राहून काका बोलत होते, आता बघ, आता तुटेल. मग त्यांचं बोलणं कमी झालं. मग ते थांबलं. खोलीत मोटरचा आवाज तेवढा राहिला.

तार तुटली नाही. शेवटचा वेढा बसला, त्याने टोक कापलं, मीटर लावला. काटा जिथे यायला हवा तिथेच आला. दोष तारेत नाही, हे येताना रस्ताभर घोळवलेलं वाक्य त्याच्या अगदी ओठांवर होतं. ते बोलायला तो वळला.

काका गुंडाळीकडे बघतच नव्हते. ते काकूंच्या हातांकडे बघत होते. काकूंनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता, आणि तरी ते दोन्ही हात मिळून हलत होते. मग काकांनी तारवाल्याकडे बघितलं आणि कळेल न कळेल अशी मान हलवली. नको.

तारवाल्याने मीटर काढून ठेवला.

"वरचा थर बरा निघाला," तो म्हणाला. "आतला काही खरा नाही. काका म्हणतात ते बरोबर आहे. बदलून देतो."

काकांच्या जिवात जीव आला. मी काय सांगत होतो, म्हणत त्यांनी त्याला दारापर्यंत झाडत नेलं, आणि तो खाली मान घालून ऐकत गेला.

तो अर्ध्या पायऱ्या उतरला असेल, तेवढ्यात मागून काकू आल्या. रीळ यंत्रावरच राहिलं होतं. दोन्ही हातांनी धरून त्यांनी ते त्याच्यापुढे केलं.

"तार चांगली आहे," त्या म्हणाल्या. "चारही रिळं चांगली होती. डॉक्टरकडे जाऊन आले मी. ह्यांना नाही सांगितलं."

हवं तर मी येऊन गुंडाळून देत जाईन, असं काहीतरी तो पुटपुटला.

"ते बघू पुढे. तोवर ह्यांचा फोन आला तर ऐकून घेत जा. कोणाशी कडकडून भांडले ना, की त्या दिवशी नीट जेवतात."

वर काकांनी फोन लावला होता. आता पाळी पिकअप ज्यात बुडवतात ते मेण देणाऱ्याची होती; मेणात भेसळ आहे, असं ते ठणकावून सांगत होते. आवाज चांगला चढला होता. दोघं पायरीवर उभे राहून ऐकत राहिले.